धरण झालं, नदीत पाणी राहिलं, मग वैनगंगेतले मासे कुठं गेले?

प्रश्न विचारणारा पोरगा ब्रह्मपुरी तालुक्यातला आहे, घर ढिवराचं, म्हणजे मासेमारी करणाऱ्याचं, गाव वैनगंगेच्या काठावर, गोसेखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की आता उन्हाळ्यातही डोहात पाणी दिसते तरी वडील म्हणतात नदी रिकामी झाली, झिंगा तर नावालाही राहिला नाही, मच्छीमार सोसायटीवाले म्हणतात माशाचं बीज सोडलं की सगळं ठीक होईल, आणि वर मागच्या महिन्यात वडिलांच्या जाळ्यात सहा किलोचा मांगूर लागला. मग मासे आहेत की नाहीत? आणि धरण नेमकं करते तरी काय, त्यावर उपाय काय?

बाबू, प्रश्न चांगला विचारलास, उत्तर लांब होईल, चहा घेऊन बस. मी तीसेक वर्षं मत्स्यबीज केंद्रावर आणि नंतर भंडारा-गडचिरोलीकडच्या सोसायट्यांबरोबर काम केलं. पुस्तकातलं थोडं शिकलो आणि डोंग्यात बसून बरंच शिकलो, तेव्हा दोन्हीची खिचडी होईल, चालवून घे.

आधी थेट उत्तर. धरणानं पाणी नेलं हा हिशेब अर्धा आहे, धरणानं नदीचं टाइमटेबल मोडलं हा खरा घाव. आपल्या नदीतला मासा तारीख पाहत नाही, तो पाणी पाहतो. मृगाचा पहिला लोंढा येतो, पाणी एका रात्रीत गढूळ होते, थंड होते, वास बदलते, धार वाढते, आणि चार-सहा दिवसांत पाणी काठ सोडून नाल्यात, बांधीत, धानाच्या शेतात शिरते. या एकेका गोष्टीचा माशाच्या अंगात परिणाम होतो, तेव्हा कुठं मादी अंडी टाकते. रोहिणीत, मृगात, आर्द्रात लहान लहान पूर येत जायचे, एक गेला की दुसरा, आणि एका पुरात चुकलेली मादी दुसऱ्यात भागवून घ्यायची.

आता धरण काय करते बघ. उन्हाळाभर कालव्यानं पाणी देऊन देऊन जलाशय खाली झालेला असतो, जूनचा पहिला पाऊस पडला की ते सगळं पाणी त्या रिकाम्या पोटात जाते. गोसेखुर्दचं पोट काही लहान नाही, 1146 दशलक्ष घनमीटरचं आहे, त्यामुळं वरती शिवनीकडं पाऊस झाला, वैनगंगा फुगली, कन्हान फुगली, तरी धरणाच्या खाली तुमच्या घाटावर तो लोंढा पोचतच नाही. पोचतो तो जुलैच्या मागं नाहीतर ऑगस्टात, जेव्हा धरण भरत येते आणि मग रात्रीतून 33 पैकी पाच-दहा नाहीतर सगळीच दारं उघडतात. म्हणजे जे आठ हप्त्यांत, दमादमानं यायचं ते एकाच दिवशी येते आणि तेही मुहूर्त टळून गेल्यावर. 2020 च्या ऑगस्टच्या शेवटी आलेला पूर तुम्ही पाह्यलाच आहे, वरून शिवनीकडच्या संजय सरोवर धरणाचं पाणी, खाली गोसेखुर्दचं, ब्रह्मपुरीकडची गावंच्या गावं पाण्यात. लोक मला म्हणाले एवढा पूर आला तं मासा वाढला असेल ना साहेब. अरे काय वाढेल, तेवढ्या जोराच्या पाण्यात अंडी काय टिकतात आणि पिल्लं काय टिकतात, आणि माद्यांची वेळ तर कधीचीच निघून गेली होती.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका वर्षी गणपतीच्या मागंपुढं एका घाटावर एका ढिवर मावशीनं मला हाक मारली, "इकडे या जी, हा पाहा का झाला." तिनं विळीवर तांबीर फाडला होता, मादी, दीड-पावणेदोन किलोची. पोट टम्म. आत अंड्यांच्या दोन्ही पिशव्या होत्या पण त्या दिवसांत तर त्या रिकाम्या, लोंबलेल्या दिसायला पाह्यजेत. इथं भरलेल्या होत्या, आणि नेहमीचा तो ताजा दाणेदार रंग नव्हता, पिवळट-तपकिरी पडलेला, बोटानं दाबलं तर दाणा फुटून चिकट व्हायचा. मावशी म्हणे खावा का फेकावा. मी म्हटलं मासा खा, अंडी फेक. मादीनं अंडी तयार केली होती, वाट पाहत बसली, इशारा आलाच नाही, मग शरीरानं ती अंडी परत जिरवायला घेतली. त्या दिवशी मी तिथं बसून आणखी चार-पाच माशांची पोटं पाह्यली, तीन माद्या तशाच निघाल्या. मेलेला मासा दिसला की लोक बोंब मारतात, पेपरात फोटो येतो, पण हा असा न झालेला जन्म कुठं दिसत नाही, त्याचा पंचनामा करायला कोणी येत नाही.

तुमच्या सोसायटीला बीज मिळते ना, ते कसं तयार होते माहीत आहे का? हॅचरीत रोहू-कतल्याच्या मादीला इंजेक्शन देतात. बंद टाक्यात, तळ्यात हे मासे पिकतात पण अंडी टाकत नाहीत, कारण पूर नाही. 10 जुलै 1957 ला ओडिशात अंगुलला हिरालाल चौधरी आणि अलीकुन्ही यांनी माशाच्याच डोक्यातल्या ग्रंथीचा अर्क टोचून पहिल्यांदा हे जमवलं, म्हणून 10 जुलैला देशात मत्स्यशेतकरी दिवस करतात. म्हणजे इंजेक्शन काय, तर पूर आला अशी खोटी बातमी. हॅचरीत आपण ती सुईनं देतो, पण नदीतल्या तांबराला, पढिनाला सुई कोण देईल? धरणानं त्याची खरी बातमीच बंद केली.

पढिनाचं तर आणखी वाईट. कोणी याला शिवडा म्हणते, कोणी पढीन, मोठ्या तोंडाचा, बिनखवल्याचा, मिशीवाला. जगभरच्या धोक्यातल्या जातींची जी यादी निघते त्यात हा आता असुरक्षित म्हणून लागला आहे. हा जोडीनं पुराच्या उथळ पाण्यात चढतो, काठावरच्या गवतात, बुडलेल्या शेतात. तेव्हा त्याला भान नसते, लोक काठीनं, कुऱ्हाडीनं मारतात, लहानपणी मीही मारला आहे, खोटं कायले बोलू. पण मारून मारून तो संपला नव्हता, कारण पूर दरवर्षी यायचा आणि पसरायचा. पूर पसरायचा बंद झाल्यावर संपत चालला.

अंडी पडलीच तरी गोष्ट संपत नाही. खवल्याच्या मोठ्या माशांची अंडी धारेबरोबर वाहतात, पंधरा-अठरा तासांत फुटतात, आणि पिल्लू दोन-तीन दिवस नुसतं वाहतच असते. वाहता वाहता जर धरणाचं साचलं पाणी लागलं तर धार मरते, अंडं खाली बसते, गाळात गुदमरते. म्हणजे धरणाच्या वरच्या माशाला वाटते नदी आहे, अंडी सोडतो, आणि दहा-वीस मैलांवर ती तळ्याच्या तोंडात जाऊन पडतात.

आता दारं उघडणं जितकं वाईट तितकंच बंद करणं. एका बॅरेजच्या खाली, नाव घेत नाही, सप्टेंबरात आम्ही सकाळी सातला उभे होतो. रात्री दारं पाडली होती, एकदम. नदीचं पात्र खडकाळ, एका रात्रीत पाणी पुरुषभर उतरलं आणि खडकाच्या खाचाखाचात डबकी राह्यली. प्रत्येक डबक्यात बोटभर पिल्लं, वाम, शिंगटे, बारके झिंगे, आणि वर ऊन चढत होतं. पोरं बादल्या घेऊन धावत होती, काय मज्जा चालली होती त्यांची. मी एका डबक्यात हात घातला, पाणी कोमट, पिल्लं तोंड वर काढून हवा घेत होती. दुपारी दोनला गेलो तं पांढरी पोटं. त्या बॅरेजवरच्या माणसाला विचारलं, भाऊ हेच दार दोन दिवस लावून हळूहळू पाडलं असतं तर? तो म्हणे साहेब आम्हाले लेव्हलचा फोन येते, मच्छीचा कोनी फोन करत नाई. खरं सांगतो, त्याच्यावर राग नाही आला मला. त्याच्या रजिस्टरमध्ये माशाचा कॉलमच नव्हता.

आता झिंग्यावर येतो, कारण तुझ्या प्रश्नात तोच मला सगळ्यात जास्त टोचला.

वैनगंगेचा झिंगा म्हणजे काय चीज होती हे तुझ्या वयाच्या पोरांना सांगून पटणार नाही. निळसर लांब नांग्या, हातभर नाही पण चांगला वीतभर, पवनीच्या, भंडाऱ्याच्या बाजारात बांबूच्या टोपलीत ओल्या गवताखाली जिवंत कुरकुर करत यायचा. पाहुणा आला, जावई आला की झिंगा. गंमत अशी की या जातीला शास्त्रात जे नाव मिळालं ते 1844 साली, आणि ज्या नमुन्यावरून मिळालं तो नागपूरचा होता. म्हणजे अख्ख्या जगात या झिंग्याचा मूळ पत्ता विदर्भाचा.

पण याचा जन्म विदर्भात पूर्ण होत नाही, तिथंच सगळी अडचण आहे. मादी पोटाखाली अंडी घेऊन पुराबरोबर खाली जाते, कारण अंड्यातून निघालेल्या अळीला थोडं खारं पाणी लागते, गोड्यात ती वाढत नाही. म्हणजे गोदावरीच्या मुखाकडं, जिथं समुद्राचं पाणी आत येते तिथं. अळीचा झिंगा झाला की तो परत निघतो, काठाकाठानं, रात्रीचा, दगड धरून, ओल्या भिंतीवर चढत, शेकडो किलोमीटर, गोदावरी, मग सिरोंच्याला प्राणहिता, मग चपराळ्याला वर्धा-वैनगंगेचा संगम, तिथून वैनगंगा. बोटाएवढा जीव, आणि हे सगळं पायी.

तू म्हणशील मग खाली गोदावरीवरचा धवळेश्वरमचा बंधारा तर इंग्रजांच्या काळचा, आर्थर कॉटननं 1852 मध्येच पूर्ण केलेला, तेव्हा का नाही संपला झिंगा? चांगला मुद्दा आहे आणि हाच मुद्दा मी मीटिंगांमध्ये सांगून थकलो. तो जुना बंधारा बुटका, मोठ्या पुरात वरून पाणी वाहणारा. त्यानं झिंग्याला अडवलं नाही असं नाही, त्याच्या खाली पावसाळ्यात झिंग्याच्या पिल्लांचे थवेच्या थवे जमतात आणि तिथले लोक ते बीज म्हणून धरतात, पण ज्याला दगड धरून सरपटत चढता येते त्याला ओला उतार मिळाला तर थोडे का होईना वर जातात. समुद्रातून वर येणाऱ्या हिलसा माशाला ती सोय नव्हती, त्याला सरपटता येत नाही, त्याची वाट तिथंच बंद झाली. आता त्याच वाटेवरची धरणं-बंधारे मोज, मुखाकडून वर: धवळेश्वरम, पोलावरम, दुम्मुगुडेम, तुपाकुलागुडेम, मेडीगड्डा, चिचडोह, गोसेखुर्द. मेडीगड्डा तुम्हाला माहीत आहेच, सिरोंच्याच्या समोर, 85 दारांचं, 2019 ला सुरू झालं आणि 2023 च्या ऑक्टोबरात त्याचे खांब खचले तेव्हा टीव्हीवर दाखवलं. लोखंडी दार, गुळगुळीत काँक्रीट, खालून फुटणारं पाणी. याच्यावर झिंगा चढायचा कसा. आणि खाली जाणाऱ्या मादीला दार ओलांडल्यावर पुढं मैलोन्‌मैल साचलेलं पाणी, धार नाही, पुढं ढकलणारं कोणी नाही, अळी वाटेतच फुटते आणि मरते.

म्हणून तुझ्या वडिलांना सांग, झिंगा तुमच्या जाळ्यानं नाही संपला. थोडा विषानं संपला, ते आपलं पाप आहे, नाल्यात औषध टाकून झिंगे वर काढणारे आपल्यातलेच होते, पण मुख्य म्हणजे त्याचा रस्ता दोन्ही टोकांनी बुजला. आणि याच कारणानं सोसायटीनं झिंग्याचं बीज आणून गोसेखुर्दमध्ये सोडलं तरी ते मोठे होतील, विकले जातील, पण नदीत झिंगा परत आला असं त्याला म्हणता येत नाही. दरवर्षी बीज, दरवर्षी खर्च.

गार पाण्याचं मी मुद्दाम मागं ठेवलं. पुस्तकात धरण आणि मासा म्हटलं की पहिलं हेच येते, कारण अमेरिकेतला कोलोराडो नदीचा दाखला प्रसिद्ध आहे. तिथं 1963 ला ग्लेन कॅनियन धरण झालं, खूप उंच, पाणी खालच्या थरातून सोडतात. पूर्वी ती नदी उन्हाळ्यात तापायची, पंचवीसच्या वर जायची, लालभडक गढूळ वाहायची. धरणानंतर पाणी बारा महिने हिरवंगार नितळ आणि आठ-बारा डिग्रीचं, फ्रिजातल्यासारखं. तिथला पाठीवर कुबड असलेला एक देशी मासा, हंपबॅक चब, एवढ्या गार पाण्यात अंडीच घालू शकेना, घातली तर पिल्लं वाढेनात, वरून आणून सोडलेल्या ट्राउटला मात्र ते पाणी मस्त मानवलं आणि ते या पिल्लांना खाऊ लागले. तो चब जिथं टिकला ती जागा लक्षात ठेव: शेजारची लिटल कोलोराडो नावाची उपनदी, जिथं वर मोठं धरण नाही, पाणी अजून गरम आणि गढूळ आहे. तिथं तो जातो, अंडी घालतो. 2021 मध्ये त्याला संकटग्रस्त या वरच्या यादीतून एक पायरी खाली आणलं. आणि कोलोराडोच्याच एका फांदीवर, ग्रीन नदीवर, फ्लेमिंग गॉर्ज धरणाला 1978 मध्ये वेगवेगळ्या उंचीवरून पाणी घ्यायची सोय बसवली, म्हणजे वरचं कोमट पाणी सोडता येते. असं करता येते, एवढंच सांगायचं आहे. मात्र त्यातही गाठ अशी की गेल्या काही वर्षांत तिकडं ग्लेन कॅनियनचं मोठं जलाशय आटलं, कोमट पाणी आपोआप खाली जायला लागलं, आणि त्याच्याबरोबर जलाशयातले परके खादाड मासे दारातून खाली उतरले. एक दुखणं बरं होता होता दुसरं.

आपल्याकडं माझं मत असं आहे की गोसेखुर्दसारख्या पसरट, उथळ धरणात गार पाण्याचं दुखणं दुय्यम आहे, पेंचच्या तोतलाडोहसारख्या डोंगरातल्या उंच धरणाखाली त्याचा विचार करायला पाह्यजे. गोसेखुर्दमध्ये खालच्या थराचा त्रास गारव्याचा कमी आणि सडक्याचा जास्त. जंगल-शेत बुडाल्यावर तळाशी जे कुजते ते ऑक्सिजन खाऊन टाकते, उन्हाळ्यात खालचं दार थोडं उघडलं की काळसर, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी येते. आणि आपल्या नशिबात आणखी एक, नागपूर शहराचा सगळा नाला, म्हणजे आपली नाग नदी, कन्हानला मिळते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेला, आणि ते सगळं गोसेखुर्दच्या पोटात येऊन थांबते. पूर्वी वाहून जायचं, आता मुक्काम करते. बॅकवॉटरला जाऊन बघ, जलपर्णीचा हिरवा गालिचा दिसेल, वरून छान दिसते, खाली मासा गुदमरतो.

रेती-गाळाचं थोडक्यात सांगतो. नदी नुसतं पाणी आणत नाही, रेती-गाळ पण आणते, धरण तो अडवते. खाली जे नितळ पाणी सुटते ते भुकेलं असते, तळाची रेती उचलून नेते पण वरून नवीन येत नाही. त्यात घाटांचे लिलाव आणि रात्रीचे टिप्पर, ती गोष्ट वेगळी लिहावी लागेल. रेतीत दडणाऱ्या, गोट्यांच्या फटीत अंडी लावणाऱ्या माशांची घरंच जातात. शिवाय गढूळ पाण्यात ज्या पिल्लांना आडोसा होता ती नितळ पाण्यात उघडी पडतात.

मग धरणाच्या पाण्यात मासा होतच नाही का? होतो, भरपूर होतो, आणि इथंच सगळ्यांची दिशाभूल होते. जलाशय म्हणजे मोठं तळं. त्यात तळ्याचे मासे वाढतात, सोडलेला रोहू, कतला, सायप्रिनस, आणि न सोडता घुसलेली तिलापिया. तिलापिया तर तोंडात अंडी सांभाळते, तिला पूर नको, धार नको, रेती नको, ती वर्षातून कितीदा तरी पिल्लं काढते. 1952 ला देशात आणली आणि आता कुठलंही धरण घे, ती आहे. त्यामुळं वार्षिक अहवालात मत्स्योत्पादन वाढलं असं लिहिता येते, आणि तो आकडा खोटाही नसतो. फक्त त्या टनांमध्ये वाहत्या पाण्याचा मासा किती हे कोणी वेगळं काढत नाही. वायंज म्हणून गोदावरीच्या खोऱ्यातला चांदीसारखा बिनखवल्याचा मोठा मासा आहे, शास्त्रज्ञ त्याला संकटग्रस्त म्हणतात. अहवालात तो "इतर" या रकान्यात जातो. इतर!

आता तू उपाय विचारला आहेस. धरण पाडा असं मी म्हणणार नाही, अमेरिकेत पाडली आहेत, एल्वा नदीवरची दोन मोठी धरणं 2011 ते 2014 मध्ये काढली आणि सॅमन वर चढायला लागले, पण आपल्याकडं ज्या धरणावर धानाची शेती उभी राह्यली आणि ज्याच्यासाठी गावं उठवली ते धरण राहणार आहे. ते धरून बोलू.

एक, मासेजिना. मासे चढायला धरणाच्या बाजूला पायऱ्या करतात ना, ते. मला त्याचा फार भरवसा नाही. मूळ डिझाइन उडी मारणाऱ्या सॅमनचं, आपला वाम, पढीन, शिंगटा उड्या मारत नाही, तळाशी सरकतो. बुटक्या बॅरेजला मात्र एका बाजूनं दगडगोट्यांचा लांब, खडबडीत, ओला उतार करून दिला तर झिंगा आणि वाम नक्की वापरतील, आणि तो काही फार खर्चाचा नाही. चिचडोहसारख्या ठिकाणी हे मागण्यासारखं आहे.

त्यापेक्षा मोठी गोष्ट, पाणी सोडायची वेळ. वरती पहिला दमदार पाऊस झाला, जलाशयात पहिला लोंढा आला, की त्यातलं थोडं पाणी दोन-तीन दिवस खाली तसंच जाऊ द्यायचं. मग आठ-दहा दिवसांनी पुन्हा. सिंचनाला लागणाऱ्या पाण्याच्या मानानं हे फार नाही, कारण आपल्याकडच्या बऱ्याचशा वर्षांत ऑगस्टमध्ये तेच पाणी, त्याच्या कितीतरी पट, दारं उघडून सोडावंच लागते. आणि दारं पाडताना टप्प्याटप्प्यानं, एका रात्रीत नाही. यात नवीन बांधकाम काही नाही, नुसतं रजिस्टरमध्ये एक कॉलम. गंगेसाठी केंद्र सरकारनं 2018 मध्ये कुठल्या महिन्यात किती टक्के पाणी नदीत वाहतं ठेवायचं याची अधिसूचना काढली, ती वैनगंगेला लागू नाही, पण तिचा कागद हातात घेऊन आपण बोलू शकतो की गंगेला जे लागते ते तिच्या नावातली अर्धी गंगा असलेल्या नदीला का नको.

आणि तुझ्या हातातलं काम म्हणजे डोह आणि नाले. चबचं सांगितलं ना, उपनदीनं वाचवला. भामरागडला जाऊन बघ, पामुलगौतम, पर्लकोटा, तिथं नदी अजून स्वतःच्या मनानं फुगते आणि उतरते, म्हणून तिथल्या म्हाताऱ्यांना अजून माशांची नावं आठवावी लागत नाहीत, रोज दिसतात. तुमच्याकडं एवढी मोठी नदी मोकळी नसेल, पण वैनगंगेला मिळणारा तुमच्या गावचा नाला असेलच. पहिल्या पावसात धरणाचा लोंढा नाही आला तरी त्या नाल्याचा येतो. मासे त्याच्याच तोंडाशी जमतात, आणि आपण नेमकं तिथंच आडवं जाळं लावून बसतो. मृग ते पुनर्वसू, दीडेक महिना, नाल्याच्या तोंडाला जाळं लावायचं नाही, बांबूचे सापळे नाही. जवळचा एक खोल डोह उन्हाळ्यात राखून ठेवायचा, कारण एप्रिल-मेमध्ये जे मोठे मासे तिथं वाचतात तेच जूनमध्ये अंडी घालतात. सुरुंग आणि विष तर 1897 च्या कायद्यापासून बंद आहे, पोलिसाला माहीत नसलं तर कायद्याची प्रत दाखव. आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्यात मासे आणि पाणवठ्यांच्या वापराचा हक्क पण लिहिला आहे, लोक तेंदू-बांबूचं पाहतात आणि ती ओळ वाचतच नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये वनहक्क मिळाले तसे तुमच्या बाजूच्याही गावांना मिळाले आहेत, ग्रामसभेच्या ठरावात डोहाचं नाव घाला.

वडिलांना बोलतं कर आणि एक वही ठेव, ही मी सगळ्यांना सांगतो. किती तारखेला पाणी चढलं, उतरलं, गार की कोमट, गढूळ की नितळ, त्या दिवशी जाळ्यात कोणकोणता मासा, मादीच्या पोटात अंडी कशी. गावातली नावं लिही, दाडक, बोटरी, मरळ, जे म्हणता ते. दोन पावसाळ्यांची अशी वही घेऊन पाटबंधारेच्या माणसासमोर बसलास तर तो ऐकतो, हे मी पाह्यलं आहे, निवेदनाला पोच देतात, वहीला प्रश्न विचारतात.

राह्यला तो मांगूर. तू फोटो पाठवलास त्यात अंगावर करड्या रंगाचे ढगासारखे डाग दिसतात, आणि वजन सहा किलो सांगतोस. आपला देशी मांगूर लालसर-तपकिरी, किलोभर झाला तरी मोठा म्हणायचा, सहा किलोचा होतच नाही. हा आफ्रिकन आहे, लोक ज्याला थाई मांगूर म्हणतात तो, देशात 2000 पासून त्याच्या पालनावर बंदी आहे. कोणाच्या तरी तळ्यातून पुरात निसटला असेल. तो ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात वरून हवा घेऊन जगतो, आणि समोर येईल ते खातो, त्यात तुझ्या वडिलांचे शिंगटे आणि दाडकही आले. त्याच्यासाठी ही अशी थांबलेली, सडकी नदी म्हणजे माहेरच. वडिलांनी तो परत नदीत सोडला असं तू लिहिलं आहेस, छोटा होता म्हणून नाही, तर म्हणे कसातरीच दिसत होता म्हणून. पुढच्या वेळी सोडू नका म्हणा, काठावरच मारा, आणि डोहातली नेमकी जागा वहीत लिहून ठेव, आणखी किती निघतात ते कळेल.